फुकट शिकवलं तर किंमत राहत नाही?

गेल्या महिन्यातली गोष्ट. मोहल्ल्यातले तीन वडीलधारे रविवारी सकाळी आमच्या खोलीवर आले. खोली म्हणजे मिरजेतल्या एका जुन्या छापखान्याची मागची बाजू. अब्बा त्याच छापखान्यात ट्रेडल मशीन चालवायचे. ऑफसेट आलं, ट्रेडल भंगारात गेलं आणि मागची खोली रिकामी पडली. मालकांनी ती आम्हाला रविवारपुरती वापरायला दिली आहे. दोन वर्षं झाली, दर रविवारी दहा ते एक या वेळेत तिथं ठसे कोरणं आणि छापणं शिकवलं जातं. लिनोवर, कधी लाकडावर. फी नाही, अर्ज नाही, वयाची अट नाही. ज्याला यातलं काहीच येत नाही त्याच्यासाठीच हे आहे.

आलेल्या मंडळींचा हेतू चांगला होता. चहा झाल्यावर त्यांच्यातल्या थोरल्या चाचांनी विषय काढला. "बेटा, काम अच्छा है तेरा. पण फुकट शिकवलं की माणसाला किंमत राहत नाही. महिन्याला काहीतरी फी ठेव. आणि हे ठसे कोरून पोरांना मिळणार काय? त्यापेक्षा एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घे. दहावीला वाढीव गुण मिळतात. आई-बाप खुशीनं पैसे देतील."

मी त्या दिवशी काही बोललो नाही. थोरल्यांसमोर वाद घालायची सवय नाही, आणि खरं सांगायचं तर उत्तर तयारही नव्हतं. महिनाभर विचार केला. हा लेख म्हणजे त्यांना दिलेलं उत्तर आहे. पण हा प्रश्न फक्त आमच्या खोलीचा नाही. गावोगावी आपली माणसं काही ना काही मोफत शिकवायला बसतात आणि वर्षा-दोन वर्षांत याच सल्ल्यापाशी येऊन अडखळतात. म्हणून सगळ्यांसाठी लिहितो.

आधी तिथं होतं काय ते सांगतो. लिनो म्हणजे लिनोलियम, जमिनीवर अंथरण्यासाठी निघालेली वस्तू. जवसाचं तेल, बुचाच्या झाडाचा भुसा आणि मागे तागाचं कापड. लाकडापेक्षा मऊ, म्हणून शिकाऊ हाताला सोपी. त्यावर चित्र काढायचं, जो भाग पांढरा राहायला हवा तो पटाशीनं कोरून काढायचा, उरलेल्या उंच भागावर रोलरनं शाई लावायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं. कागद उचलला की छाप तयार. मशीन लागत नाही. लिनो संपला की फरशीवर टाकायच्या विनाईलचे तुकडे चालतात. शाई छापखान्यातल्या डब्यांच्या तळाशी उरलेली. कागद लग्नपत्रिका कापून उरलेली कात्रणं. आमचे कितीतरी ठसे कुणाच्या तरी शादीच्या गुलाबी कागदावर छापलेले आहेत.

या कामात एक गोष्ट अशी आहे की ती नवख्या माणसाला सांभाळून घेते. चित्र काढताना हात चांगला असणारा पहिल्या पाच मिनिटांत ओळखू येतो आणि बाकीचे गप्प होतात. ठशात तसं होत नाही. चांगलं चित्र काढणारा मुलगाही पहिल्यांदा नको तो भाग कोरून बसतो. कोरलेलं पुन्हा भरता येत नाही. सगळेच चुकतात. आणि ज्याला चित्र अजिबात येत नाही असा माणूस नुसत्या सरळ रेघा कोरून इतका सुंदर कागद काढतो की त्याचा त्यालाच विश्वास बसत नाही. शिवाय एका ठशाच्या दहा प्रती निघतात. एक स्वतःला, एक दोरीवर टांगायला, बाकीच्या वाटायला. ज्या घरात भिंतीवर कॅलेंडरशिवाय काही नव्हतं, तिथं आता पोरीनं कोरलेलं लिंबाचं पान आहे.

येतं कोण? दहावी-बारावीची मुलं, गॅरेजवर काम करणारे दोघे, एक रिक्षावाले, नर्सिंग कॉलेजच्या दोन मुली, आणि त्यातल्या एकीची मावशी. ही खाला भाचीसोबत म्हणून यायची, कोपऱ्यात बसून राहायची. एकदा तिच्यासमोर लिनोचा तुकडा ठेवला तर हसून म्हणाली, "मला काय छापायला शिकवता, मी अंगठाछापच आहे." सगळे हसले, तीही हसली. मग तिचाच अंगठा शाईत बुडवून कागदावर उमटवला, तो मोठा करून तिनं तीन रविवार बसून लिनोवर कोरला. त्या रेघा कोरताना तिचा हात आमच्या कुणाहीपेक्षा स्थिर होता. आयुष्यभर सुईदोऱ्याचं काम केलेला हात तो. आज नवीन आलेल्यांना पटाशी कशी धरायची हे तीच दाखवते. अजून वाचता येत नाही तिला. त्याचं मी इथं काही मोठं करून सांगणार नाही. पण महिन्याला शंभर रुपये जरी फी असती, तरी ती आली नसती. पैसे नव्हते म्हणून नाही. घरात विचारावं लागलं असतं म्हणून.

ठसा नेहमी उलटा कोरावा लागतो, तेव्हा तो कागदावर सुलटा येतो. अक्षरं कोरायची तर ती आरशात दिसतात तशी. म्हणजे ठशावर मराठी उजवीकडून डावीकडे जाते आणि उर्दू डावीकडून उजवीकडे. आमच्याकडं बहुतेक मुलं मराठी शाळेतली. उर्दू ऐकू येते, वाचता येत नाही. एका मुलीला दादीचं नाव उर्दूत कोरायचं होतं. दादीनं कागदावर लिहून दिलं, आम्ही ते उलटं करून लिनोवर उतरवलं. शेजारी बसलेला लिंगायत घरातला मुलगा 'मिरज' कोरत होता. त्यानं घाईत सुलटंच कोरलं आणि कागदावर ते उलटं आलं. दोघांना एकमेकांची अक्षरं तपासायला दिली तर दोघेही सारखेच गोंधळले. "मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो!" हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकानं ऐकलेलं आहे. त्याचं उत्तर देऊन देऊन जीभ थकते. त्या दिवशी त्या टेबलावर कुणाला उत्तर द्यावं लागलं नाही. कारण ठशावर सगळ्यांचीच भाषा परकी होते, आणि सगळ्यांनाच ती पहिल्यापासून गिरवावी लागते. उलटा आलेला 'मिरज' आजही दोरीवर टांगलेला आहे.

सुरुवातीला एक शंका आली होती, ती लपवत नाही. "इथं तस्वीर काढतात का? ते चालतं का?" असं एका पालकांनी विचारलं. आपल्याकडं याबद्दल वेगवेगळी मतं आहेत आणि ती आमच्या खोलीत बसून सुटणार नाहीत. आम्ही एवढंच ठरवलं की कुणाला चेहरा कोरायला लावायचं नाही आणि कुणाला अडवायचं नाही. त्या पालकांचा मुलगा जाळीचे नमुने कोरतो. एका अष्टकोनातून पुढचा कसा निघतो हे त्याला भूमितीच्या तासात कळलं नव्हतं, इथं कळलं. त्याच्या शेजारचा पोरगा खंडोबाचा घोडा कोरतो. दोघांची शाई एकच.

आता मिरजेबद्दल थोडं. आपल्या गावाला छपाईचा इतिहास आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही. 1805 साली मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयानं भगवद्गीता छापली गेली. तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरं उलटी कोरून. हे काम तांबटाच्या हातचं. भांडी ठोकणाऱ्या हातांनी अक्षरं कोरली. आपल्या लोकांनी देवनागरीत केलेल्या अगदी सुरुवातीच्या छपाईत या पुस्तकाची गणना होते. पुढं दगडावरची छपाई आली, शिळाप्रेस. उर्दूची नस्तालीक अक्षरं खिळ्यांत बसवणं अवघड, म्हणून आपल्या लोकांना शिळाप्रेस फार सोयीचा पडला. कातीब कागदावर लिहायचा, ते दगडावर उतरायचं आणि हजारो प्रती निघायच्या. लखनौला 1858 साली मुन्शी नवल किशोर या हिंदू गृहस्थांनी छापखाना काढला आणि कुरआनच्या प्रती छापून घरोघरी पोचवल्या. एकाच्या हातानं दुसऱ्याचं पुस्तक छापलं जाणं ही या देशात नवी गोष्ट नाही.

पण या सगळ्या विद्या घरात राहिल्या. मिरजेचे सतार-तंबोरे घ्या. पूर्वी हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांतून फरीदसाहेबांसारखे सतारमेकर निघाले आणि दीडशेहून अधिक वर्षं त्यांच्या घराण्यांनी हे काम जपलं. 2024 साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. ही विद्या बापाकडून मुलाकडं आली. हातावर पोट असलेल्या माणसानं आपलं कसब जपून ठेवायचं नाही तर काय करायचं? त्यात दोष नाही. पण त्यामुळं झालं असं की कारागिराच्या घरात जन्मला तर हातात हत्यार, नाही तर फक्त मोबाईल. मधली वाट उरलीच नाही. सहज हात लावून बघायला, जमतं का पाहायला, नाही जमलं तर उठून जायला जागाच नाही. आमची खोली ती मधली वाट आहे. आणि सांगायला आनंद वाटतो की त्याच घराण्यातले एक बुजुर्ग महिन्यातून एकदा येऊन आमच्या पटाश्यांना कुरुंदावर धार लावून देतात. तुणाच्या लाकडाचे उरलेले तुकडेही त्यांच्याकडूनच येतात.

अशी मोफत जागा काय करू शकते, याचं एक उदाहरण दूरचं आहे, पण मला ते फार जवळचं वाटतं. न्यूयॉर्कमधली हार्लेम ही काळ्या लोकांची वस्ती. मंदीचे दिवस, हाताला काम नाही. सरकारनं बेकारांना काम देण्यासाठी जी योजना काढली होती, तिच्यातून कलाकारांनाही पगार मिळत होता. त्या पैशावर 1937 साली तिथं हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर सुरू झालं. पहिली संचालक ऑगस्टा सॅव्हेज ही काळी शिल्पकार बाई. तिथले वर्ग मोफत होते. मुलं यायची, मोठी माणसं यायची. तिथंच रॉबर्ट ब्लॅकबर्न नावाचा एक किशोरवयीन मुलगा दगडावरची छपाई शिकला. आई-बाप जमैकाहून आलेले. महायुद्धात सरकारचा पैसा आटला आणि ते केंद्र बंद पडलं. पाच वर्षंसुद्धा धड चाललं नाही.

चाचा म्हणतील, बघ, फुकटाचं काय झालं. पण गोष्ट तिथं संपत नाही. त्या मुलानं 1940च्या दशकाच्या अखेरीस स्वतःचा छापखाना उघडला. त्याचं दार त्यानं काळ्या-गोऱ्या, नावाजलेल्या-नवख्या, सगळ्यांसाठी उघडं ठेवलं. ज्या काळात अमेरिकेत काळ्या माणसाला वेगळ्या बाकावर बसवलं जात होतं, त्या काळातली ही गोष्ट. छापखाना कायम पैशाच्या ओढाताणीत राहिला. मोठ्या प्रकाशनासाठी मास्टर प्रिंटर म्हणून काम करत त्यानं मधली वर्षं काढली. 1992 साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, 2003 साली तो वारला. अखेरच्या वर्षांत बंद पडलेला छापखाना 2005 साली एका संस्थेनं त्याच्याच नावानं पुन्हा सुरू केला. हार्लेमच्या त्या मोफत वर्गाची किंमत कुणी मोजली, असं विचारलं तर मी सांगेन, ब्लॅकबर्ननं मोजली. पण वीस वर्षांनी, तीस वर्षांनी, आणि भलत्याच माणसांना.

आपल्यात अशी माणसं नाहीत असंही नाही. झरीना हाशमी अलीगढच्या. शिकल्या गणित. ठसा कोरणं त्या बँकॉक, पॅरिस, टोकियो असं जिथं जिथं मुक्काम पडला तिथं शिकत गेल्या. 1999 साली त्यांनी घराच्या आठवणींवर छत्तीस वुडकटची मालिका केली, प्रत्येकावर उर्दूतला एक शब्द. त्यांना जगभर फिरावं लागलं तेव्हा ते मिळालं. मिरजेतल्या मुलीला निदान पहिला तुकडा मोहल्ल्यात मिळावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आता फीबद्दल. फी ठेवली की काय होतं ते मी इतर वर्गांत पाहिलं आहे. पैसे घेतले की पालक निकाल मागतात. त्यात त्यांचं चुकत नाही. निकाल दाखवायचा तर परीक्षा हवी. परीक्षा आली की ज्यांचा हात मुळातच चांगला आहे तेच पुढं बसतात, कारण वर्गाचं नाव त्यांच्यावर टिकतं. मग हळूहळू गॅरेजवाला मुलगा यायचा थांबतो, रिक्षावाले थांबतात, खाला थांबते. कुणी त्यांना हाकलत नाही. तेच समजून जातात. आणि एक दिवस नवख्यांसाठी काढलेल्या वर्गात एकही नवखा नसतो. रेखाकला परीक्षेला माझा विरोध नाही. तिची तयारी करून घेणारे चांगले शिक्षक गावात आहेत, जरूर जा. पण गुण देणारी जागा म्हणून ही खोली बदलली, तर गुण नसलेल्यांसाठी गावात एकही जागा उरणार नाही.

फी नको तर देणगी घे, असंही झालं. एका स्थानिक पुढाऱ्यांनी सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली. अट एकच, दारावर त्यांच्या फोटोचा फलक आणि प्रत्येक छापावर 'सौजन्य'. आम्ही नम्रपणे नाही म्हटलं. निवडणुका येतात-जातात. उद्या दुसरा पक्ष आला की त्याच्या मुलानं या खोलीत यायचं की नाही? मोफत म्हणजे पैसे न घेणं इतकंच नाही. येणाऱ्यानं कुणाचा उपकार मानत आत यावं लागू नये, हेही त्यात आहे.

मोफतमध्ये तोटा होतो, हे कबूल करतो. दोन पटाश्या गेल्या त्या गेल्याच. कित्येक जण दोन रविवार येतात आणि पुन्हा दिसत नाहीत. पावसाळ्यात एकदा मी एकटाच टेबल पुसून घरी आलो. एका मुलानं रोलर शाईसकट वाळू दिला तेव्हा मीच रागावून म्हणालो होतो, "फुकटचं आहे म्हणून असं करता का?" बोलून गेलो आणि लाज वाटली. कारण ते चाचांचंच वाक्य होतं, माझ्या तोंडून आलेलं. त्यानंतर आम्ही तीन नियम केले. आपण वापरलेला रोलर आपण तेलानं पुसायचा. आपला एक छाप दोरीवर ठेवून जायचा. आणि आपल्याला जे एक येतं ते पुढच्या नवख्याला दाखवायचं. हीच फी. ही सगळ्यांना परवडते, आणि बुडवणाराही लगेच ओळखू येतो.

मग कळलं की चाचा तसं का म्हणाले. ते स्वतः जुने कंपोझिटर. वयाच्या बाराव्या वर्षी छापखान्यात लागले. वर्षभर नुसता झाडू मारला, शाईचे डबे उचलले, टपल्या खाल्ल्या, तेव्हा कुठं खिळे जुळवायला मिळाले. म्हणजे त्यांनाही फी पडली नव्हती. पण त्यांनी किंमत मोजली होती, शाळा सोडून. जे इतक्या महागात मिळालं ते आज कुणाला तरी बसल्या जागी मिळतंय, हे पाहून त्यांना त्याची किंमत कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर मी त्यांना दोष देणार नाही. पण चाचा, जी किंमत तुम्ही मोजली ती तुमच्या नातवानं मोजावी असं तुम्हालाही वाटत नाही. नाही तर त्याला तुम्ही रविवारी आमच्याकडं पाठवलं नसतं.

अब्बा म्हणायचे, कंपोझिटर उलटी अक्षरं सुलट्यापेक्षा भराभर वाचतो. आमच्या खोलीत असा एकही माणूस नाही. प्रत्येक ठसा आम्ही आरशासमोर धरून तपासतो, आणि तरी दर रविवारी कुणाचा तरी 'र' भलतीकडं तोंड करून येतो. चाचा, फीचा विषय बाजूला ठेवा आणि एक रविवार या. पोरांची अक्षरं तपासून द्या.

आणि वाचणाऱ्यांना एकच सांगणं. तुमच्या गावातही एखादा बंद छापखाना असेल, मागची खोली असेल, भंगारात न गेलेला एखादा रोलर असेल. मालकाला विचारून बघा. सुरुवातीला चार पटाश्या आणि एक चमचा पुरतो.